काठावर नाव घेत नाहीत

१

एप्रिलच्या दर शनिवारी सकाळी रौनी सुलेच्या काठावर सुपाचं पातेलं चढवते. यंदाही चढवलं. सॅमन, बटाटे, कांदा, शेवटी साय आणि मूठभर शेपू. शेजारी राईचा पाव आणि कॉफीचे दोन मोठे थर्मास. गावातल्या दोघातिघांनी सुचवून पाहिलं होतं की रौनी, यंदा राहू दे, दुसरं कुणी करेल. तेव्हा ती बटाटे सोलत होती आणि सोलतच राहिली. ते तिचं उत्तर समजून लोक घरी गेले.

सुला म्हणजे नदीचा न गोठणारा तुकडा. हौकिनिवा गावाखाली नदी खडकांवरून जोरात उतरते आणि पुढे सव्वाशे पावलं रुंदीचं काळं पाणी भर हिवाळ्यातही उघडंच राहतं. दोन्ही काठांना हातभर जाडीचा बर्फ. त्या बर्फावरून सुसाट यायचं, बर्फगाडी थेट पाण्यावर घालायची आणि पाण्यावरून पळवत पलीकडच्या बर्फावर चढवायची, असा हा खेळ आहे. अडीच क्विंटलची गाडी पाण्यावर तरंगत नाही, पण पळते. उजव्या अंगठ्याखाली वेगाची पट्टी असते. अंगठा दाबलेला आहे तोवर पळते, अंगठा उचलला की दगड. कशासाठी करता हे, असं कुणी विचारलं तर गावातला माणूस म्हणतो, हिवाळा सात महिन्यांचा असतो.

गाडीमागे वीस हात दोरी आणि टोकाला लाकडाचा बोया असतो. मासे धरायच्या जाळ्याला लावतात तसलाच, वर घराची खूण कोरलेली. गाडी खाली गेली तरी बोया वर राहतो आणि कुणाच्या घरचा माणूस पाण्यात आहे ते खुणेवरून कळतं.

आणि एक नियम. कुणी पाण्यावर असताना काठावर नाव घेत नाहीत. कुणाचंच. नाव ऐकू आलं की माणूस वळतो आणि वळला की अंगठा उचलला जातो. यात भुताखेताचं काही नाही, साधा हिशेब आहे. शनिवारी काठावर बायको नवऱ्याला ‘ए निळ्या’ म्हणते आणि सासरा जावयाला ‘वाकडी टोपी’.

त्या दिवशी उर्पो पाण्यात गेला. उर्पो गावाचा लाकूडतोड्या आणि गावाचा विदूषक, लाल गाडीवाला. अर्ध्यावर गेला आणि एकदम डावीकडे मान वळवली. गाडीचं नाक खाली गेलं, वाफेचा फुत्कार झाला आणि पाण्यावर फक्त उर्पोचं डोकं आणि त्याचा बोया उरला. तरंगणारं जाकीट होतं, गळाची काठी होती, चार मिनिटांत काढला त्याला. लोक हसले. निशाण धरणारा म्हातारा औलिस म्हणाला, “लाल्या, मासे पकडायचे तर गळ टाक की. स्वतः कशाला जातोस?”

उर्पो घोंगडी गुंडाळून पातेल्याशी आला. दात वाजत होते. रौनीने वाटी भरून दिली.

“ताई, एक विचारू?” तो हळू आवाजात म्हणाला. “मला हाक का मारलीस?”

“मी?”

“तूच की. स्पष्ट. नाव घेऊन.” मग त्याने सवयीने गंमत केली. “माझ्यावर जीव असेल तर घरी येऊन सांगायचं. पाण्यावर कशाला?”

“मी बटाटा शिजला का बघत होते,” रौनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, घोगरा, खरखरीत.

उर्पो वाटी तोंडाला लावता लावता थांबला.

“घसा बरा झाला वाटलं तुझा,” तो म्हणाला. “हाक मारलीस तेव्हा चांगला मोकळा होता.”

२

रौनीचा आवाज एक वर्षापूर्वी बसला होता. मागच्या एप्रिलमधे, याच सुलेवर, तिचा धाकटा भाऊ ओइवा बुडाला त्या दिवशी. ओइवाने बावीस वर्षं ही धार ओलांडली होती, कधी गुडघासुद्धा भिजला नव्हता. त्या दिवशी अर्ध्यावर त्याने मान वळवली आणि गेला. त्याचा बोया मात्र वर राहिला. दोन तिरप्या रेघा आणि मधे ठिपका, ही त्यांच्या घराची खूण. रौनी बर्फाच्या कडेवर पालथी पडून तासभर ती दोरी ओढत होती, हात पाण्यात. कुणीतरी तिला मागे खेचलं तेव्हा उजव्या हाताची बोटं पांढरी झाली होती. ती पुढे काळी पडली नाहीत, कापावी लागली नाहीत, पण त्यांना कळेनासं झालं. गरम पातेलं, थंड लोखंड, सुईचं टोक, सगळं सारखंच. ओइवा बर्फ फुटल्यावर सापडला, खाली सात किलोमीटरवर.

डॉक्टर म्हणाला, रडल्या-ओरडल्यामुळे आवाज बसला आहे, येईल. रौनी रडली नव्हती. अजूनही रडली नव्हती. सकाळी उठायचं, शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांचं जेवण करायचं, घरी यायचं, शनिवारी न्हाणघर तापवायचं. या सगळ्याच्या आत काहीच नव्हतं. दुःख असेल असं तिला वाटलं होतं, तर तेही नव्हतं.

एक गोष्ट मात्र होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. ओइवा वळला तो हाकेमुळे. “ओइवा!” ही हाक तिने ऐकली होती आणि आवाज तिचा होता. बायकांच्या घोळक्यात उभं राहून, का कोण जाणे, तिनेच नाव घेतलं होतं. नंतर घसा जळत होता, म्हणजे ओरडलीच असणार. काठावर चाळीस माणसं होती. एकानेही वर्षभरात तोंड उघडलं नाही. हौकिनिवाचे लोक असेच आहेत, दया आली की गप्प बसतात.

उर्पो पाण्यात पडला त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसली. खिडकीतून नदी दिसत होती. उजेड अजून लख्ख होता. फ्रीज घरघरत होता, छपराच्या कडेचा बर्फ वितळून पत्र्यावर थेंब पडत होते. रिकाम्या खोलीत आपला आवाज कसा लागतो ते बघावं म्हणून ती म्हणाली, “उर्पो.” खरवडलेल्या कढईचा आवाज यावा तसं काहीतरी आलं. पुन्हा म्हणाली. तेच.

वाऱ्याने काहीही ऐकू येतं, तिने स्वतःला समजावलं. पलीकडची टेकडी आवाज परत पाठवते, लहानपणी आपणच तिच्याशी बोलायचो. पण टेकडी तीन सेकंदांत परत पाठवते. वर्षाने नाही.

‘आवाज बसला’ म्हणतात. बसला म्हणजे घशातच कुठेतरी असतो. पहिल्यांदा तिच्या मनात आलं की तिचा बसला नसेल, गेला असेल.

मग तिने भांडी घासली.

३

बुधवारच्या बसने हेल्का आली. हेल्का ओइवाची मुलगी, बावीस वर्षांची, दूरच्या शहरात पूल बांधायचं शिकते. तिची आई ती चार वर्षांची असताना स्वीडनला गेली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून ओइवाने तिला गाडी चालवायला शिकवली आणि उरलेलं सगळं रौनीने. बस थांबली, हेल्का उतरली, डोकं उघडं.

“हेल्का, टोपी,” रौनी म्हणाली. अठरा वर्षं दिवसातून दहादा ती हेच म्हणत आली होती. हेल्काचा हात आपोआप डोक्याकडे गेला, मग तिने खिशातून टोपी काढली.

“आत्या, मी डिग्री घ्यायला गेले आणि प्रेत होऊन परत आले तरी तू शवपेटीत वाकून टोपीच घालशील.”

“घालीन. पुरायची जागा थंड असते.”

हेल्का हसली. रौनीला आठवलं की इथे आपणही हसायला हवं, पण तोवर वेळ गेली होती.

रात्रीच्या जेवणाला हेल्काने विषय काढला. शनिवारी ती सुला ओलांडणार होती. कारण रौनीला ठाऊकच होतं. बुडालेल्याचा बोया पुढच्या वसंतात त्याच्या घरच्या माणसाने एकदा पलीकडे न्यायचा असतो. ओढत न्यायचा आणि पलीकडच्या काठावर दोरी कापायची. मग तो बोया मोकळा, माणूस मोकळा, घर मोकळं. नाही नेला तर त्या घराची खूण कुणी पुन्हा बोयावर कोरत नाही.

“तू पूल बांधणार आहेस,” रौनी म्हणाली. “पाण्यावरून जायचा शहाणपणाचा मार्ग तुला शिकवतात ना?”

“बाबाचा बोया पुलावरून नेऊ? मोटारीच्या डिकीत घालून?”

“नेला तर बुडणार नाहीस.”

“मी नाहीच बुडणार. आत्या, बाबाने मला शिकवलंय. अंगठा सोडत नाही मी.”

ओइवाही सोडत नव्हता. रौनीने चमचा खाली ठेवला. आत खोल काहीतरी हललं. भीती असावी. वर्षभरात पहिल्यांदा काही हललं म्हणून तिला नवल वाटलं. ही मुलगी गेली तर आपल्याकडे काय उरतं, हे तिने मोजून पाहिलं आणि मोजायला काही सापडलं नाही.

“मी हाक मारली होती,” ती म्हणाली. “त्या दिवशी. ओइवाला. मीच.”

हेल्काने ताट बाजूला सारलं. पत्र्यावर थेंब पडत होते.

“तुला तसं वाटत असणार, हे मला कळलं होतं,” ती म्हणाली. “थांब.”

४

तिच्या फोनवर त्या दिवशीचं चित्रण होतं. कुणीतरी काठावरून घेतलेलं, पुन्हा पुन्हा पाहिलेलं. हेल्काने फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.

ओइवाची हिरवी गाडी बर्फावरून येते. पाण्यावर चढते. मागे पांढरा फवारा. चित्रण घेणाऱ्याचा हात हलतो आणि डाव्या कोपऱ्यात पातेलं, वाफ आणि रौनी येते. रौनी सुपाची चव घेते आहे. लाकडी पळी तोंडात, ओठ पळीवर मिटलेले, डोळे ओइवाकडे.

“ओइवा!”

आवाज तिचाच. मोकळा, उंच, लाडाचा, जेवायला बोलवावं तसा.

पळी अजून तोंडातच.

मग ओइवा मान वळवतो. मग पळी खाली पडते.

“चाळीसदा पाहिलंय मी,” हेल्का म्हणाली. “तू नाही मारलीस. दुसरी कुणीतरी बाई असेल. आवाज मिळतो कधीकधी. वाऱ्यात तर कुणाचाही कुणालाही मिळतो.”

“परत लाव.”

हेल्काने परत लावलं. रौनी काठावरच्या माणसांची तोंडं बघत होती. तिसऱ्यांदा बघितल्यावर तिच्या लक्षात आलं की ओइवा काठाकडे वळतच नाही. काठ त्याच्या उजव्या हाताला मागे होता. तो डावीकडे वळला होता, वरच्या अंगाला, जिथून पाणी येतं. उर्पोही डावीकडेच वळला होता.

खरं तर आता बरं वाटायला हवं होतं. वर्षभर जे उरावर होतं ते चार सेकंदांत खोटं ठरलं होतं. पण तिला वाटलं, मी मारली असती तरी चाललं असतं. निदान माझा आवाज माझ्यापाशी असता.

५

“मी जाते,” रौनी म्हणाली. गुरुवारी सकाळी, कॉफीचं भांडं हातात.

“कुठे?”

“पाण्यावर. बोया मी नेते. मी घरचीच आहे.”

“तू बावन्न वर्षांची आहेस.”

“तू जन्मायच्या आधी मी ही धार अकरा वेळा ओलांडलीय. तुझा बाप माझ्या मागे बसून रडायचा.”

हेल्का भांडली. चांगली दुपारपर्यंत भांडली, दोनदा पाय आपटून न्हाणघरापर्यंत गेली आणि परत आली. पण रौनी तिच्या वाक्यांच्या मधे कणीक मळत राहिली आणि दगडाशी किती भांडणार. शेवटी हेल्का म्हणाली, “मग मी काय करू? सूप ढवळू?”

“तू पुलावरून पलीकडे जायचं. पलीकडच्या काठावर माझ्या बरोबर समोर उभं राहायचं. दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून. मी तुझ्याकडेच बघत येईन. कुठून काहीही ऐकू आलं, कुणाच्याही आवाजात, तुझ्या आवाजातसुद्धा, तरी मला दिसेल की तू नाहीस.”

“तुझा विश्वास आहे यावर? पाण्यातून हाका येतात यावर?”

रौनीने विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “पण पावसाची चिन्हं नसली तरी मी धुणं आत घेते.”

हेल्काने कानात घालायचे मेणाचे बोळे आणून दिले, वसतिगृहात झोपायला वापरते ते. घातले की कानाशी तोफ उडाली तरी कळत नाही, म्हणाली. जाणाऱ्यासाठी जेवढं करता येईल तेवढं दोघींनी केलं. त्या गावात पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं होतं. सगळे नियम जाणाऱ्यासाठी होते. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार कुणी केला नव्हता.

६

शनिवारी ऊन होतं. पातेल्यापाशी उर्पो उभा होता, पळी हातात, डोक्याला रौनीचा रुमाल बांधून. कुणी हसलं नाही, तरी त्याने रुमाल काढला नाही. औलिसने बोयाची गाठ स्वतः तपासली. ओइवाची हिरवी गाडी वर्षभरात दुरुस्त झाली होती, आवाज ठणठणीत होता.

“पोरी,” औलिस म्हणाला. बावन्न वर्षांच्या बाईला तो पोरी म्हणायचा, कारण तिच्या बारशाला तो होता. “अंगठा.”

“हो काका.”

“दाबता येईल ना? त्या हाताला कळतं ना तुझ्या?”

“दाबलेला दिसतो मला. तेवढं पुरे.”

तिने बोळे कानात घातले. जग बंद झालं. मग ओइवाचं जुनं, तोंडाशी उघडं असलेलं शिरस्त्राण चढवलं. एकच शंका राहिली होती, तिच्या स्वतःबद्दलची. डाव्या हाताचा लोकरी मोजा काढून तिने त्याची घडी केली आणि दातांत घट्ट धरली. पळीपेक्षा चांगला पुरावा.

पलीकडे हेल्का उभी होती. पिवळं जाकीट, डोकं उघडं. दोन्ही हात तोंडावर.

टोपी, रौनीच्या मनात आलं.

औलिसने निशाण खाली केलं.

७

बर्फ संपला आणि गाडी पाण्यावर आली तेव्हा ती किंचित खाली बसली, मग पळू लागली. रौनी मागे रेलली होती. अंगठ्याला काही कळत नव्हतं, म्हणून तिने एकदा बघून घेतलं. दाबलेला होता. मग समोर बघितलं.

काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्राची थरथर हाडांतून येत होती, तेवढीच. हाक आली असेल तर बोळ्यांपाशीच अडली असेल. तीस पावलं. चाळीस. हेल्काचे हात तोंडावर होते. झालं की, रौनीला वाटलं. एवढंच होतं तर.

पन्नासाव्या पावलाशी हेल्काने एक पाऊल पुढे टाकलं.

नीट दिसावं म्हणून आली असेल. मग तिने आणखी एक टाकलं. काठापासून बर्फाची कड सातआठ पावलं पुढे येते आणि शेवटची दोन पावलं पोकळ असतात, खालून पाण्याने खाल्लेली. हे हेल्काला चालता येऊ लागलं तेव्हापासून ठाऊक होतं. हात तोंडावर तसेच, आणि ती चालत होती. तिचे डोळे रौनीकडे नव्हते. रौनीच्या थोडं बाजूला, वरच्या अंगाला, पाण्याकडे. आणि डोळ्यांत आनंद होता. लांबून आलेल्या माणसाकडे बघतात तसा.

रौनीला ओरडायचं होतं. मागे हो, एवढंच. दातांत मोजा होता. थुंकला असता तर ओरडता आलं असतं. पण मग स्वतःच्याच आवाजाने हेल्काला सांगायचं, आणि तो आवाज आधीच तिथे काहीतरी सांगत होता. काय सांगत होता ते कानातल्या बोळ्यांमुळे कळत नव्हतं. तिने मोजा चावला. अंगठ्याकडे बघितलं. दाबलेला होता.

दोरी जड झाली. बोया मागे उड्या मारत यायला हवा होता, पण दोरी ताठ होती, डावीकडे, धारेच्या उलट. गाडी मंदावली. वीस पावलं राहिली होती. हेल्काचा एक पाय पाण्यात गेला, घोट्यापर्यंत, आणि तिला ते कळलंच नाही.

रौनीने डावीकडे बघितलं नाही. हेल्काच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पांढरं, पळीसारखं उभं. तेवढंच तिने पाहिलं आणि तेही हेल्काच्या डोळ्यांत.

गाडी बर्फाच्या कडेवर आपटून वर चढली. रौनीने उडी टाकली, पिवळ्या जाकिटाला मिठी घातली आणि दोघी बर्फावर मागे कोसळल्या. डावं मनगट खाली आलं. मोडल्याची कळ खांद्यापर्यंत गेली आणि तिला दुखलं. वर्षभरात पहिल्यांदा सगळं दुखलं. ओइवासुद्धा.

८

तिने बोळे काढले. पाणी वाहत होतं, पलीकडे माणसं उभी होती, कुणाचंही तोंड हलत नव्हतं.

हेल्काचे हात अजून तोंडावर होते. रौनीने ते खाली केले.

“तुझा आवाज परत आला, आत्या,” हेल्का म्हणाली. झोपेतून उठल्यासारखी. “पूर्वीसारखा. मला इतकं बरं वाटलं. ये म्हणालीस, ये गं, किती दिवसांत भेटली नाहीस. बाबाला पण बोलावलंय म्हणालीस.”

रौनीने दातांतला मोजा काढून तिच्यापुढे धरला. लोकरीत दातांची खूण उमटली होती. हेल्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या भिजलेल्या पायाकडे बघितलं.

रौनीने सुरीने दोरी कापली. बोया खाली वाहून जायला हवा होता. तो जागीच राहिला, मग सावकाश वरच्या अंगाला निघाला. त्या दोघी तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या, त्यामुळे पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही.

मोटार रस्त्यावर होती. काठ उभा आणि कमरेएवढ्या बर्फाचा, त्यामुळे रस्त्याला लागायला आधी शंभर पावलं काठाच्या बर्फावरून जावं लागतं. हेल्का आली होती तीच पायवाट, एका माणसापुरती, डाव्या हाताला पाणी. रौनीने स्वतःचे बोळे हेल्काच्या कानांत खोल बसवले. खुणेने सांगितलं, मागे बघायचं नाही, माझा हात सोडायचा नाही. हेल्काने मान हलवली. रौनी पुढे झाली. डावा हात मोडका, म्हणून उजव्या हाताने तिने हेल्काचा हात धरला. मूठ घट्ट मिटली ते तिने बघून घेतलं. मग समोर बघून चालू लागली.

वीस पावलांवर पाण्यातून हाक आली.

“हेल्का, टोपी.”

किती सुरेख आवाज होता आपला, रौनीच्या मनात आलं. मायेचा. हेल्काला ऐकू जाणार नव्हतं. रौनी चालत राहिली. तीस पावलं. आवाज थांबला. बर्फ पायाखाली करकरत होता, पण आपली पावलं दोघींची आहेत की एकीची, हे वेगळं काढता येत नव्हतं.

चाळीसाव्या पावलाला मागून कुणीतरी म्हणालं, “आत्या.”

हेल्काचा आवाज. अगदी मागून, हातभर अंतरावरून.

“आत्या, थांब ना. माझा हात सुटला.”

रौनी थांबली. मागे बघायचं नाही, हे तिनेच सांगितलं होतं. विचारून उपयोग नव्हता, कारण हेल्का मागे असेल तर तिला ऐकू येणार नव्हतं, आणि जे कोण होतं त्याला सगळं ऐकू येत होतं. तिने उजवी मूठ आवळली. आणखी आवळली. तिच्यात हेल्काचा हात होता की नव्हता, हे बोटं सांगत नव्हती. वर्षभर त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

तिने दंडाला ओढ लागते का पाहिलं. मनगटाची कळ दोन्ही खांद्यांत पसरली होती आणि तिच्याखाली सगळं बुडालं होतं. मान थोडी वळवली असती तर दिसलं असतं. ओइवानेही थोडीच वळवली होती.

तिने पाऊल टाकलं. एकेचाळीस. मूठ मिटलेली. बेचाळीस.

“आत्या,” मागून हाक आली, या वेळी जरा लांबून.